खोली सोडून पोरी जिन्यात का बसतात?

पत्र

भाऊ, नमस्कार. मी ब्रह्मपुरीला राहते. मिस्टर शिक्षक होते, चार वर्षांपूर्वी गेले. पुढे जुनं घर आहे, मातीच्या विटांचं. मधात अंगण, आणि मागं दोन मजली खोल्या बांधल्या आहेत. मागच्या आठ आणि पुढच्या तीन, अशा 11 खोल्यांत 22 पोरी राहतात. आरमोरी, कुरखेडा, सिंदेवाही, लाखांदूर, तिकडच्या. काही कॉलेजच्या, काही पोलीस भरती नाहीतर एमपीएससीवाल्या.

त्यांच्याच आग्रहानं दिवाळीत फायबरचं नेट घेतलं. 100 एमबीपीएस वेगाचा प्लॅन आहे, टॅक्स धरून महिन्याला 825 रुपये. वायफायचा डबा, म्हणजे राउटर, हॉलमध्ये टीव्हीजवळ लावला. दिवसा बरं चालते, पण रात्री नऊ वाजले की "काकू, नेट नाही चालून राहिलं" सुरू होते. मागच्या वरच्या खोलीतल्या दोघी तर जिन्यात बसून अभ्यास करतात. तिथं रेंज येते म्हणतात. केबलवाला म्हणते, 300 चा प्लॅन घ्या.

दुसरं असं की मी प्रत्येकीकडून नेटचे 100 रुपये घ्यावे म्हणते, तर पुतण्या म्हणते हे बेकायदेशीर आहे, नेट विकायला लायसन लागते. आणि तिसरं, दोन-तीन पालकांचं म्हणणं आहे की रात्री दहाला नेट बंद करा. पोरी म्हणतात, तसं केलं तर आम्ही खोली सोडतो. काय करू?

— एक घरमालकीण, ब्रह्मपुरी

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जिन्यात बसणाऱ्या त्या दोघींनी आधीच देऊन ठेवलं आहे. जिना अंगणाकडे उघडा असणार आणि हॉलचं दार किंवा खिडकी त्याच्या समोर येत असणार. जिन्यात नेट येतं आणि दहा पावलांवरच्या खोलीत येत नाही, याचा अर्थ फायबरमधून घरात नेट येतंय, पण अंगण ओलांडून खोलीपर्यंत पोचत नाही. उद्या 300 चा प्लॅन घेतलात तर टीव्हीजवळ 300 येतील आणि पोरी जिन्यातच बसतील.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासून पाहा. रात्री सव्वानऊला, ऐन गर्दीच्या वेळी, सगळ्या पोरींना पाच मिनिटं वायफाय बंद करायला सांगा. एखादीचा लॅपटॉप वायरीनं थेट डब्याला जोडून तीनदा स्पीड टेस्ट घ्या. मग सगळ्यांचं वायफाय पुन्हा सुरू करायचं, वरच्या शेवटच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि मोबाइलवर तीनदा तीच टेस्ट घ्यायची. आकडे वहीत लिहा. वायरीवर 80-90 आणि खोलीत 2-3 आले, तर प्लॅनला हात लावू नका. वायरीवरच 10-15 येत असतील तर मात्र केबलवाल्याशी भांडा. पण तेव्हाही 300 मागायचे नाहीत. ज्या 100 चे पैसे देता तेवढे मागायचे.

22 जणींना 100 पुरतात का? गणित सोपं आहे. मोबाइलच्या पडद्यावर लेक्चर बघायला 480पी दर्जाचं चित्र भरपूर होतं, त्याला साधारण 1.1 एमबीपीएस लागतात. जरा स्वच्छ हवं म्हणून 720पी लावलं तर अडीच. सगळ्या 22 जणी एकाच वेळी 720पीवर बसल्या तरी 55 झाले. महिन्याचा हिशेबही बघा. 480पीचं एक तासाचं लेक्चर म्हणजे अर्धा जीबी. रोज चार तास धरले तर एकीचे 2 जीबी, सगळ्यांचे 44, महिन्याला 1320. बहुतेक फायबर प्लॅनना महिन्याची 3300 जीबीच्या आसपास मर्यादा असते. तुमचं घर तिच्या निम्म्यातही जात नाही.

मग रात्री नऊलाच का अडतं? आपल्याकडचा बोअरिंगचा नळ आठवा. पाणी भरपूर असलं तरी नळाखाली एका वेळी एकच गुंड लागतो. वायफायचं तसंच आहे. डबा एका क्षणी एकाच मोबाइलशी बोलतो, मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. जवळच्या पोरीचा गुंड भसकन भरतो आणि ती बाजूला होते. मागच्या खोलीतली पोरगी मात्र अरुंद तोंडाची सुरई घेऊन आली आहे. धार तीच, पण सुरई भरायला दसपट वेळ लागतो, आणि तोवर सगळी रांग खोळंबते. म्हणजे रेंज नसलेल्या आठ जणींमुळे रेंज असलेल्या चौदा जणींचंही नेट अडतं. दिवसा रांग नसते म्हणून कळत नाही. पुढच्या खोल्यांतल्या पोरी मागच्यांवर "तुम्हीच डाउनलोड करता" म्हणून चिडत असतील, तर त्यांना हे सांगा. मागच्या काही जास्त ओढत नाहीत. त्यांना ओढताच येत नाही.

आता डबा कुठे आहे ते बघू. टीव्हीजवळ, म्हणजे बहुधा शोकेसमध्ये, सेट टॉप बॉक्सच्या मागं. शेजारी फ्रिज असेल, नाहीतर लोखंडी कपाट. मग हातभर जाडीची मातीची भिंत, मग अंगण, मग मागच्या खोलीची भिंत. आणि आता होळी झाली, म्हणजे खिडकीत कूलर लागले असतील. आपला कूलर म्हणजे काय, तर पत्र्याची पेटी आणि तिच्यात ओला वाळा नाहीतर लाकडाचा भुसा. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो शोषून घेतं. खोलीला अंगणाकडे एकच खिडकी असेल आणि तिच्यात कूलर बसला असेल, तर सिग्नल आत यायची जी एक वाट होती तीही तुम्ही बुजवलीत. पोरींना विचारून पाहा, मागच्या खोल्यांतलं नेट कूलर लागल्यापासून जास्त बिघडलं का? बहुतेक "हो" म्हणतील.

कूलर काढा असं मी म्हणणार नाही. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात तसं सांगणाऱ्याला लोक घराबाहेर काढतील, आणि योग्यच करतील. नेटच अंगणापलीकडे न्यायचं.

कसं न्यायचं, यावर दुकानदार पहिल्यांदा रिपीटर काढून दाखवेल. बाराशे-पंधराशेत मिळतो, सॉकेटमध्ये खुपसला की काम झालं म्हणेल. घेऊ नका. रिपीटर आधी डब्याचं ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, तेही त्याच हवेतून, त्याच नळावरून. एका गुंडासाठी दोनदा नळ लागतो. दोघा-तिघांच्या घरी ते चालून जातं, तुमच्याकडे 22 जणी आहेत.

तुम्हाला वायर हवी. पैसा वेगात न घालता वायरीत घाला, एवढंच माझं म्हणणं आहे. हॉलपासून मागच्या इमारतीपर्यंत नेट वायरीतून न्यायचं. तिथं खालच्या पडवीत मधोमध एक राउटर आणि वरच्या पडवीत मधोमध एक, दोन्ही ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट फक्त वायफायनं वाटणारे. साधा दोन बँडचा (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) राउटर यासाठी चालतो, बहुतेकांत "ॲक्सेस पॉइंट मोड" असतो, तो मात्र आठवणीनं लावून घ्या. तसाच राउटर म्हणून जोडला तर दोन राउटर एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि भलत्याच तक्रारी सुरू होतात. तिन्ही ठिकाणी वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवायचा, म्हणजे पोरगी जिना चढली की मोबाइल आपोआप जवळचा डबा धरतो. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच आहेत: 1, 6 आणि 11. तीन डब्यांना एकेक वाटून द्या. ते "ऑटो"वर सोडलं तर कधीकधी तिन्ही डबे एकाच चॅनेलवर जाऊन बसतात.

वायरीबद्दल जरा लांबण लावतो, कारण इथं मी स्वतः आपटलो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या भाड्याच्या खोल्यांसाठी मी वायर आणली. वर कॅट-6 छापलेलं, भाव बाजारापेक्षा निम्मा, मी खूश. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्यात एकेक खोली मरायला लागली. टोक सोलून बघितलं तर आत ॲल्युमिनियम, त्यावर तांब्याचा नुसता मुलामा. दुकानदारानं फसवलं असं म्हणायलाही जागा नव्हती, खोक्यावर बारीक अक्षरात "सीसीए" लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तुम्ही घेताना दुकानातच ब्लेडनं एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. आतपर्यंत लाल हवी. खरी तांब्याची वायर हातात घेतली की जडही लागते.

पण अंगण ओलांडायला तांबं नको. तुमच्याकडे मृग लागला की विजा कशा कडाडतात ते तुम्हाला मी काय सांगू. दोन वेगळ्या इमारतींमध्ये ताणलेली तांब्याची वायर म्हणजे विजेच्या झटक्याला दिलेला रस्ता. जवळपास कुठं वीज पडली तरी दोन्ही टोकांचे डबे जळतात, आणि पोरगी त्या वेळी लॅपटॉप वायरीला लावून बसली असेल तर जिवाशी खेळ. तिथं फायबरच घाला. त्यात धातूची तार नसलेलं फायबर मागा, म्हणजे वीज जायला वाटच राहत नाही. तुमच्या केबलवाल्याकडे फायबरचे उरलेले तुकडे असतात, जोडायचं मशीन असतं, आणि फायबरचं पुन्हा साध्या वायरीत रूपांतर करणारे छोटे डबे, म्हणजे मीडिया कन्व्हर्टर, असतात. दोन टोकांना दोन लागतात. त्याच्यासाठी हे तासाभराचं काम आहे. 300 चा प्लॅन विकता येत नाही तर हे काम दिलं, म्हणून तोही नाराज होणार नाही. मागच्या इमारतीत आतल्या आत, खालून वर, तांब्याची वायर चालेल.

डबे माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नका. राउटरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: 0 ते 40 अंश. हे बनवणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्याचा मे बघितलेला नसतो. बाहेर 45-46 असतं तेव्हा पत्र्याखाली किती होत असेल! तापला की राउटर एकदम बंद पडत नाही. आधी मंदावतो, मग दर तासाला आपोआप चालू-बंद होतो, आणि सगळे कंपनीला शिव्या देतात. पडवीत, भिंतीवर, डोक्याच्या जरा वर, वारा लागेल असा लावा. झडीचं पाणी येत असेल तर वर छोटी फळी ठोका, पण पेटीत कोंडू नका.

आणि लाइन जाते त्याचं काय? 12 व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, साधारण तेराशे रुपयांना. त्यावर एक डबा दोन-तीन तास तग धरतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर 9 व्होल्ट लिहिलंय की 12, ते बघून घ्या. 9 च्या राउटरला 12 दिले की त्याला सरळ केराची टोपली. घरात इन्व्हर्टर असेल तर हा खर्च वाचला, सगळे डबे त्यावरच्या लाइनीला जोडा.

एकूण खर्च माझ्या अंदाजानं असा. दोन बरे राउटर साडेचार हजार, फायबर आणि कन्व्हर्टर जोडणीसकट दोन-अडीच हजार, आतली वायर आणि पाइप दीड हजार, यूपीएस दोन घेतले तर अडीच हजार, वर किरकोळ. 12,000 धरा. हे सामान दोन वर्षं तरी नक्की चालेल. 22 पोरी, 24 महिने, म्हणजे एकीचे महिन्याला 23 रुपये. प्लॅनचे 825 भागिले 22, साडेसदतीस. मिळून 60 रुपये. एकेक पोरगी रोज 2 जीबीचं रिचार्ज मारते ते 28 दिवसांचं साडेतीनशेच्या घरात जातं. खोलीत नेट खात्रीचं झालं तर तिला एवढं मोठं रिचार्ज लागणार नाही. जानेवारी 2025 पासून डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही मिळतात. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना ते ठेवायला लावले. कंपन्या ते ॲपमध्ये पार खाली लपवून ठेवतात, शोधावे लागतात. ज्या पोरीचा बाप धानाच्या चुकाऱ्याची वाट बघत असतो तिच्यासाठी महिन्याला दोनशे रुपये वाचणं म्हणजे मेसचे तीन-चार दिवस.

वायर टाकली की निम्म्याहून जास्त तक्रारी जातील. उरतील त्या रांगेच्या. एखादी रात्री गॅलरीतले सगळे फोटो वर चढवायला लावते, एखादीचा लॅपटॉप अपडेट ओढतो, आणि शेजारच्या खोलीतलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अडखळतो. तुमच्या डब्याची सवय अशी की जे आधी आलं ते आधी पाठवायचं, मग पुढची दोन मिनिटं रांगेत फक्त फोटोच. यावर उपाय आहे. रांगेत प्रत्येकीला आळीपाळीनं संधी देणारी पद्धत असलेला राउटर हवा. काही राउटरमध्ये त्यासाठी "एसक्यूएम" म्हणून सोय असते. तिच्यात एक पद्धत आहे, तिचं नाव केक. खरंच, केक. केबलवाल्यांकडे मायक्रोटिकचे छोटे राउटर असतात, त्यांतही हे बसवता येतं, आणि ते तुमच्या केबलवाल्याला बहुधा येत असेल, कारण तो स्वतःच्या गिऱ्हाइकांना तसंच वाटतो. त्याला सांगा, एकूण वेग 100 ऐवजी 90 वर बांध, म्हणजे रांग आपल्याच डब्यात लागेल आणि आपल्याला ती आवरता येईल. 10 सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. बाजारात पिशवी गच्च भरली की चालता येत नाही, थोडी सैल असली की चालता येतं.

प्रत्येक मोबाइलला कायमची 3 एमबीपीएसची मर्यादा लावा, असाही सल्ला कुणी देईल. ते करू नका. रात्री दोनला जागी असलेल्या एकीलाही 3 च मिळतात आणि 97 वाया जातात. शिवाय हल्लीचे मोबाइल प्रत्येक वायफायला स्वतःचा वेगळाच, बनावट पत्ता सांगतात. अँड्रॉइड 10 पासून आणि आयफोनच्या आयओएस 14 पासून ते आपोआप होतं. मोबाइलवार लावलेली मर्यादा पोरी पंधरा दिवसांत चुकवतील, आणि तुम्हाला कळणारही नाही.

आता पैशांचं. पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. घरगुती कनेक्शनच्या अर्जात बारीक अक्षरात असतंच की हे पुढे विकायचं नाही. "नेटचे 100 रुपये" अशी वेगळी पावती फाडलीत, तर तुम्ही विकताय असं कुणीही म्हणेल. पाणी, अंगणातला दिवा, गच्चीवरची दोरी यांचे आपण वेगळे पैसे लावत नाही, खोलीच्या भाड्यातच ते येतात. नेट त्यातच धरा. नवीन सत्रापासून भाडं 60 रुपयांनी वाढवा, वर केलेला हिशेब कागदावर लिहून नोटीस बोर्डाला लावा. आणि कनेक्शन घरगुती आहे, भाडेकरू वापरतात, हे चालेल का, असं कंपनीला एकदा लेखी विचारून घ्या. उत्तराचा कागद फाइलला लावा.

तुम्ही धरलेल्या 100 मधले 40 कुठले, असा प्रश्न मला पडला होता. नफा घ्यायला माझी ना नाही, घर तुमचं आहे, डागडुजी तुम्हीच करता. पण तो भाड्यात घ्या, नेटच्या नावावर नको. नेटचे पैसे वेगळे घेतले की नेट बंद पडल्याच्या प्रत्येक रात्री 22 जणी गिऱ्हाईक म्हणून दारात उभ्या राहतील.

उघडपणे विकायचंच असेल तर त्याला सरकारी वाट आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळानं 9 डिसेंबर 2020 ला ती मंजूर केली. पूर्वी चौकाचौकात पिवळे एसटीडी-पीसीओ होते ना, तसंच हे, फक्त वायफायचं. दुकानदार, चहावाला, घरमालक, कुणीही त्यात "पब्लिक डेटा ऑफिस" होऊ शकतो. त्याला लायसन लागत नाही, नोंदणीही लागत नाही. त्याच्या वर एक ॲग्रिगेटर असतो, दूरसंचार खात्याकडे नोंदणी त्यानं करायची, पैसे आणि कुपनांचा हिशेब त्यानं ठेवायचा. आधी अडचण अशी होती की कंपन्या अशा लोकांना महागडं व्यावसायिक कनेक्शनच घ्यायला लावत. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीशी वेगळा व्यावसायिक करार करण्याची अट निघाली, आणि जून 2025 मध्ये ट्रायनं सांगितलं की 200 एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन अशा लोकांना जास्तीत जास्त दुप्पट भावात द्यावा. म्हणजे तुमचे 825 फार तर 1650 होतील. भागिले 22, 75 रुपये. त्यात सामानाचे 23 मिळवले की 98. तुमचे 100 तिथं बरोबर बसतात, फक्त हातात काही उरत नाही.

तुमच्या एकट्या घरासाठी मी या भानगडीत पडणार नाही. पण तुमच्या गल्लीत आणखी चार घरं पोरं-पोरी ठेवत असतील, कोपऱ्यावर अभ्यासिका असेल, आणि सगळ्यांना मिळून एक चांगली लाइन घ्यायची असेल, तर मात्र हाच रस्ता धरा. शेजाऱ्याला खिडकीतून वायर टाकून द्यायची नाही.

पासवर्डही जपा. 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. पोलीस आधी त्या घरी पोचले. पाठवणारा भलताच होता, पण घरातल्या माणसाला जे भोगायचं ते भोगावं लागलं. तुमच्याकडे कुणाच्या पाव्हण्याला, कुणाच्या मैत्रिणीला, करत करत गल्लीतल्या पोरांपर्यंत पासवर्ड गेलेला असणार. खोली रिकामी झाली की पासवर्ड बदला. पाव्हण्यांसाठी डब्यातच "गेस्ट" नावाचं वेगळं वायफाय निघतं, ते द्या. आणि कोणती पोरगी कोणत्या तारखेला आली नि गेली, ते भाड्याच्या वहीत नीट असू द्या. ते तुम्ही ठेवत असालच.

राहिलं रात्री दहाचं. इथं मी पोरींच्या बाजूनं आहे, आधीच सांगतो.

2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. एका मुलीनं ऐकलं नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. न्यायालयानं तिला परत घ्यायला लावलं, आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. तो निकाल कॉलेजच्या वसतिगृहाचा आहे, तुमच्या घराचा नाही. घरमालकीण म्हणून तुम्ही बटण दाबलं तर कोर्टात कुणी ओढणार नाही. पण त्यातलं म्हणणं तुमच्या घरालाही लागू पडतं असं मला वाटतं. या पोरी 18 च्या पुढच्या आहेत. मतदान करतात. त्यातली एखादी पुढच्या वर्षी अंगावर खाकी चढवून तुमच्याच चौकात उभी असेल.

आणि व्यवहाराचं बघा. दहाला वायफाय बंद झालं तर मोबाइलचा डेटा सुरू राहतो. ज्या पोरीला गप्पा मारायच्या त्या ती मारतेच, रिचार्ज संपेपर्यंत. अडते ती, जिच्याकडे मोठ्या रिचार्जला पैसे नाहीत. तुमची बंदी नेमकी त्याच पोरीवर पडते. खरं तर रात्री अकरानंतर तुमच्या घरात नेट सगळ्यात मोकळं असतं. दुसऱ्या दिवशीची लेक्चरं ॲपमध्ये तेव्हाच उतरवून ठेवायला सांगा. मग संध्याकाळची गर्दीही कमी होते. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांची लेक्चरं फुकट आहेत, कुणी त्यावर असेल तर तिलाही हे सांगा. विकिपीडिया आख्खा उतरवून नेटशिवाय वाचायला किविक्स नावाचं ॲप आहे, मराठी विकिपीडियाही त्यात मिळतो. एकीनं उतरवला की बाकीच्यांना पेन ड्राइव्हनं देता येतो.

पालकांना काय सांगायचं? फोन आला की सांगा, "दादा, गेट मी दहाला लावते, ते माझं काम. मोबाइलचं तुम्ही पोरीशी बोला." बहुतेक बाप त्यावर गप्प होतात, कारण पोरीशी बोलणं त्यांनाच जड जातं. एखादा फारच अडून बसला, तर घाणेरड्या आणि फसवणुकीच्या साइट अडवणारा एक फुकटचा पत्ता राउटरमध्ये भरता येतो, 1.1.1.3. केबलवाला दोन मिनिटांत करून देईल. पण लावलात तर पोरींना आधी सांगून लावा. त्यांना नंतर कळलं तर काय काय बघितलं जातंय अशी शंका घेऊन बसतील, आणि तुम्ही "काकू"च्या "मालकीणबाई" व्हाल.

खेड्यातल्या ज्या वाचकांकडे फायबरच नाही, त्यांची पत्रं दर महिन्याला येतात, म्हणून जाता जाता. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची भारतनेटची योजना 2011 पासून चालू आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत तिचा डबा आलाय का, तो चालू आहे की कुलूपबंद, ते आधी ग्रामसेवकाला विचारा. चालू असेल तर तिथून घरगुती जोडणी मिळू शकते.

ताई, काम मृगाच्या आत उरकून घ्या. मे महिन्यात निम्म्या पोरी गावी गेल्या की खोल्या उघड्या मिळतील, भोकं पाडायला सोपं जाईल. भोकं बाहेरून आत जरा चढती पाडायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात येत नाही. आणि खांबावरून तुमच्या घरात येणारी फायबरची वायर अंगणातल्या झाडाला टेकली असेल तर ती आताच हलवून घ्या. वानरांची टोळी एकदा झोका घेऊन गेली की सगळा हिशेब पहिल्यापासून, आणि केबलवाला दोन दिवस फोन उचलत नाही.